आमच्याकडे रेडिओ नाही

आमच्या समोरच्या दारातले तात्याराव दाभाडे सिटी बसचे तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कागदोपत्री. दूधवाल्याने पिशवी दिली की ते ती चारी बाजूंनी दाबून बघत. पोस्टमनने पत्र दिलं की आधी शिक्का वाचत, मग पत्ता, आणि पत्र फोडायच्या आधी कठड्यावरून वाकून पोस्टमन खरोखरच खाली उतरतोय ना, याची खात्री करून घेत. मी इथल्याच, कर्वेनगरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, एकटी राहते आणि माझ्याकडे पुस्तकांची पार्सलं येतात. एकट्या बाईकडे एवढे बांधलेले खोके कशाला येतात, याचा छडा लावण्यात त्यांची पहिली चार-पाच वर्षं गेली. पुस्तकं आहेत, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. मला राग लवकर येतो आणि सावकाश जातो.

त्यांच्या बायकोवर मात्र राग धरता येत नसे. द्वारकावहिनी म्हणजे जिन्यातून येता-जाता अखंड बोलणारं माणूस. भाजीवाल्याशी बोलत, भाजीशीही बोलत. तात्याराव घरात हूं की चूं करत नसत, कारण त्यांना तेवढी फटच मिळत नसे. दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतर वहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेलं. हात महिन्या-दोन महिन्यांत थोडा हलू लागला. वाचेतून मात्र दोनच शब्द उरले, ‘बरं का’. पाणी हवं असलं की बरं का, पंखा नको असला की बरं का, आणि मुलगा श्रीनिवास बंगळूरहून भेटून परत निघाला तेव्हा त्याचा हात धरूनही बरं का. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, शब्द सापडत नाहीत. तात्यारावांना हे पटलं नाही. पन्नास वर्षं सापडत होते ते एका सकाळीत कुठे गेले, असा त्यांचा सवाल होता, आणि तो त्यांनी डॉक्टरांना संशयित प्रवाशाला विचारावा तसा विचारला.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवार होता, मी दुपारी घरी होते. पाव आणायला गेलेले तात्याराव एकदम माझ्या दारात उभे राहिले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “बाई, जरा बाहेर या. आमच्या घरात कोणीतरी बाई शिरलीय.”

मी कान दिला. आतून गाण्याचा आवाज येत होता. रेडिओ लागलेला होताच, पण त्याच्या वर आणखी एक आवाज होता, जाडसर, थोडा घसरणारा. “मालनबाई असेल,” तात्याराव म्हणाले. मालनबाई म्हणजे वारज्याहून येणारी त्यांची कामवाली. “मी बाहेर पडलो की कामं टाकून गात बसते. आज पकडतोच.” त्यांनी लॅच हलकेच फिरवली. आत मालनबाई ओलं फडकं हातात धरून भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “म्या न्हाय गात,” ती म्हणाली. “वैनीच गात्यात. सबंद गानं येतंय त्यास्नी.”

द्वारकावहिनी खुर्चीत बसून गात होत्या. शब्द न् शब्द स्वच्छ. गाणं संपलं, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं का.” तात्यारावांच्या हातातली पावाची पुडी तशीच होती. ती त्यांनी मग रेडिओवर ठेवली, पुन्हा उचलली आणि आत निघून गेले.

पुण्यात तेव्हा खासगी एफएम स्टेशनं नवी होती. त्यातल्या ‘रेडिओ झुला’वर दुपारी एक ते तीन ‘ओळखलंत का?’ नावाचा कार्यक्रम असे. पूर्णिमा नावाची मुलगी तो करायची. जुन्या गाण्याची सुरुवातीची वाद्यं ती तेवढी वाजवायची, मग थांबवून विचारायची, “काय काकू, ओळखलंत का?” आणि चार-पाच सेकंद गप्प बसायची. त्या गप्प बसण्यातच द्वारकावहिनी सुरू होत, गायिकेच्याही आधी. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं, गाणं मेंदूत दुसऱ्या खणात असतं. श्रीनिवासने बंगळूरहून सीडी प्लेयर आणि शंभर जुन्या गाण्यांच्या सीड्या पाठवल्या. तात्यारावांचा संशय की हा स्वतः यायचं टाळतोय. पण सीडीवर वहिनी नुसत्या ऐकत बसत. दुसऱ्या स्टेशनांवरही जुनी गाणी लागत, तेव्हाही तेच. कोणी विचारलं तरच त्यांना उत्तर द्यायचं होतं.

तेव्हापासून एक ते तीन या वेळात त्यांच्या घरी बेल वाजवायची मनाई झाली. दरवाज्यावर पाटी नव्हती, तात्यारावांचा चेहरा होता. ते स्वतः वहिनींच्या समोर न बसता आतल्या खोलीत पेपर धरून बसत. मी एकदा पाहिलं, पेपर उलटा होता.

हे दीड वर्ष चाललं. मग दोन हजार सहाच्या गणपतींनंतर तात्यारावांना पहिला संशय आला.

“बसचा मार्ग बदलायचा असला ना बाई, की आधी कोणी सांगत नाही,” ते मला जिन्यात म्हणाले. “आधी एक फेरी कमी करतात. मग जुना कंडक्टर हलवतात. मग एक दिवस पाटीच निराळी. लोक थांब्यावर उभेच.” पूर्णिमा सलग तीन दिवस रजेवर होती आणि तिच्या जागी एक पोरगा होता, तो प्रश्न विचारून गप्प बसत नसे, स्वतःच उत्तर देई. ही एक खूण. दुसरी, जाहिराती बदलल्या. आधी गुडघेदुखीचं तेल आणि लोणच्याचा मसाला असे, आता मोबाईलच्या रिंगटोन आणि हिंजवडीजवळचे फ्लॅट. तिसरी म्हणजे एका मंगळवारी जुन्या गाण्यांत पाच वर्षांपूर्वीचं एक गाणं घुसलं. तात्याराव दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर हे सगळं तारीखवार लिहीत. मी हसले तर म्हणाले, “हसा. मी विनातिकीट माणूस त्याच्या मानेवरून ओळखायचो.”

ते एकटेच नव्हते म्हणा. पेपरात चार ओळी आल्या, ‘रेडिओ झुला तरुण होणार?’ प्रश्नचिन्ह टाकलं की छापणाऱ्याची जबाबदारी संपते. तिसऱ्या मजल्यावर राहणारा आनंद हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता. तो म्हणाला, “काका, फॉरमॅट चेंज ऑलमोस्ट कन्फर्म आहे. ऑर्कुटवर सगळे तेच बोलतायत. फुल हिंदी हिट्स, चोवीस तास.” तात्यारावांनी त्याला विचारलं की ऑर्कुट हे कुठलं ऑफिस. दोन दिवसांनी त्यांचा तर्क असा होता की मोबाईल कंपनीने स्टेशन विकत घेतलंय. आणखी दोन दिवसांनी, पूर्णिमाचं लग्न ठरलंय आणि सासरचे आडवे आलेत. मग आनंदच स्टेशनचा माणूस आहे, असंही झालं.

शेवटी एके दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्टेशनच्या ऑफिसात गेले. तिथे फैझल नावाचा तरुण भेटला, कार्यक्रम तोच बघायचा. ‘मुलगा इथलाच, मराठी स्वच्छ बोलतो,’ हे तात्यारावांनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं, कारण त्यामुळे त्याच्या बोलण्यात पकडायला काही सापडत नव्हतं. फैझल म्हणाला होता, “काका, खरं सांगू का, आम्हालाही नक्की माहीत नाही. सगळं रेटिंगवर आहे. रेटिंग आलं तर पूर्णिमाचा शो हलत नाही.”

“रेटिंग कोण देतं, विचारलंत का?” मी म्हणाले.

“विचारलं. म्हणे लोक देतात. मी लोकांत येतो की नाही? मला कोणी आलं का विचारायला? रेटिंग म्हणजे कोणाचा तरी रेट ठरलाय, दुसरं काय.”

“आणि वहिनींचं सांगितलंत?”

“त्याला कशाला सांगू? तो विचारत होता, घरी कोण ऐकतं. मी म्हणालो, कोणी नाही, सहज आलो होतो.”

मी दार लावून घेतलं.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागत असे. पोस्टातून पुस्तिका मिळे, दरवर्षी तिच्यात तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा. दाभाड्यांचं नवं लग्न झालेलं, पेठेत दोन खोल्या, आणि वहिनींनी हौसेने घेतलेला रेडिओ. एका वर्षी तात्यारावांचा शिक्का मारून घ्यायचा राहिला आणि नेमका तपासायला माणूस आला. गॅलरीत वाड्यातली सगळी बिऱ्हाडं गोळा झाली. त्या माणसाने मोठ्याने नाव विचारलं, धंदा विचारला. तिकीट तपासनीस, हे ऐकून गॅलरीत कोणीतरी हसलं. ते हसू तात्याराव विसरले नव्हते. परवाने बंद होऊन वीस वर्षं झाली तरी ती पुस्तिका शिक्क्यांसकट त्यांच्या कपाटात होती. ही हकिकत त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि सांगून झाल्यावर, हे कुठे बोलू नका, म्हणाले.

नोव्हेंबरात मी सर्दीने घरी होते. दुपारी सव्वा वाजता बेल वाजली. खांद्याला पिशवी, गळ्यात कार्ड लावलेली एक मुलगी. नाव भाग्यश्री. “मॅडम, पाहणी करतोय. रेडिओ ऐकता का? ही डायरी सात दिवस ठेवायची. कोणत्या वेळी काय ऐकलं, तिथे फक्त टिक करायचं.” मी म्हणाले, मला वेळ नाही. मला ताप होता, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. ताप नव्हता, सर्दी होती. ती निमूट वळली आणि समोरच्या बेलवर बोट ठेवलं. ती वेळ बेल वाजवायची नव्हती, हे तिला कोण सांगणार.

तात्यारावांनी साखळी न काढता दार उघडलं. “कुठून आलात?”

“पाहणीसाठी, काका. तुमच्या घरी रेडिओ आहे का?”

बाकी काही ऐकायची त्यांना गरजच उरली नाही. त्या फटीतून मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता आणि तो त्या गॅलरीतल्या तरुण माणसाचा झाला होता. “आमच्याकडे रेडिओ नाही,” ते म्हणाले.

तेवढ्यात आतून वाद्यं थांबली, पूर्णिमाने तिचा प्रश्न विचारला आणि द्वारकावहिनी गाऊ लागल्या. मुलगी गोंधळली. “आवाज येतोय ना, काका.”

“बायको गातेय माझी,” तात्याराव म्हणाले. “घरात गायला बंदी आहे का?”

“नाही, नाही,” म्हणत तिने कागदावर काहीतरी खूण केली आणि वरच्या मजल्याकडे निघाली. दार लागलं. दोन मिनिटांनी ते पुन्हा किलकिलं झालं. “गेली?” त्यांनी मला विचारलं. “परवाने पुन्हा सुरू करणार दिसतात. तुम्ही काय सांगितलंत?”

“वेळ नाही म्हणाले.”

“शाबास,” ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी माझं केलेलं ते एकमेव कौतुक.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एक वाजता रेडिओ झुलावर ढोल वाजले. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघं एकाच वेळी बोलत होते, हसत होते, आणि मग कालपरवाचं एक गाणं लागलं. मी दारातच होते, माझ्या हातात तिळाच्या वड्यांची ताटली होती. द्वारकावहिनी रेडिओकडे तोंड करून बसल्या होत्या. गाणं संपेपर्यंत त्या थांबल्या. दुसरं संपेपर्यंत थांबल्या. मग तात्यारावांकडे वळून म्हणाल्या, “बरं का?” हे त्यांनी विचारलं होतं. दोन वर्षांत त्या शब्दांना प्रश्नाचा सूर पहिल्यांदा लागला. तीन वाजेपर्यंत त्या तशाच बसल्या. दुसऱ्या दिवशी एकला पुन्हा बसल्या. आठवडाभर हे चाललं, मग त्या रेडिओकडे पाठ करून बसू लागल्या.

तात्यारावांचा राग मी पाहिला होता, पण असा नव्हे. दिनदर्शिकेची ती सगळी पानं त्यांनी पिशवीत भरली. “बाई, तुम्ही चला. साक्षीदार हवा.” मी रजा टाकून गेले. मलाही भांडायचं होतं, खोटं कशाला बोलू.

फैझलने आम्हाला बसवलं, चहा मागवला. तात्यारावांनी पानं टेबलावर एकामागून एक मांडली. तारखा, खुणा, रजा, जाहिराती. “आधीच ठरवलं होतंत तुम्ही. आणि सांगितलंत की लोक ठरवतात.”

फैझलने पानं खरोखर वाचली. मग म्हणाला, “काका, पूर्णिमाचा शो राहावा म्हणून मी तीन मीटिंगमध्ये भांडलोय. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.” त्याने खणातून एक तक्ता काढला. “शहरात तीनशे घरांत डायऱ्या दिल्या होत्या. कर्वेनगर-वारजे मिळून बारा. दुपारी एक ते तीन, ही ओळ बघा.” ओळीत शून्यं होती, एकाला एक लागून. “एवढ्या भागात एकही घर ऐकत नाही म्हटल्यावर मी काय बोलणार? दोन घरं जरी असती ना, तरी मी शो सोडला नसता.”

“खोटं आहे हे,” तात्याराव म्हणाले. “आमच्या घरी रोज लागतो.”

“मग डायरी का नाही भरलीत? नोव्हेंबरात आली असेल एक मुलगी. पिशवी, गळ्यात कार्ड.”

दोन घरं. मी माझ्या चहाच्या कपाकडे बघत राहिले. फैझलने तक्ता उचलायला हात पुढे केला.

“आली होती,” तात्याराव म्हणाले. “मी तिला सांगितलं, आमच्याकडे रेडिओ नाही.”

“का पण, काका?”

“मला वाटलं, परवाना बघायला आली.”

“कसला परवाना?” फैझलने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. रेडिओला परवाना लागत असे, हे ऐकून तो हसला, आणि आमचे चेहरे बघून थांबला. मग तात्यारावांनी त्याला वहिनींचं सगळं सांगितलं. पाव आणायला गेलो होतो, इथपासून. मधेमधे ते माझ्याकडे बघत, मी मान हलवत होते. साक्षीदार म्हणून माझा एवढाच उपयोग झाला. फैझल म्हणाला, पूर्णिमा आता हिंजवडीत एका कॉल सेंटरला आहे, नव्या मुलांना बोलायला शिकवते. विचारून बघतो, पण शो परत येणार नाही, हे मी तुम्हाला खोटं कशाला सांगू. तात्यारावांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी दोघांची तिकिटं काढली, पण नेहमीसारखी उलटसुलट करून बघितली नाहीत. डेक्कनच्या पुढे आल्यावर म्हणाले, “बाई, तिचा आवाज माझ्या घरातून मीच हाकलला.” मी म्हणाले, मीही डायरी घेतली नाही. ते म्हणाले, “तुमचं निराळं. तुम्ही आळशी आहात.” रागवायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी एक वाजता समोरून एक विचित्र आवाज येऊ लागला. मी दार ढकललं. तात्याराव वहिनींच्या समोर स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, डोळे मिटलेले, बोटांनी टेबलावर ताल धरलेला, आणि तोंडाने कुठल्याशा गाण्याची सुरुवातीची वाद्यं वाजवत होते. त्यांना सुराचं अंग शून्य. बस घाटात अडकावी तसा आवाज येत होता. ते थांबले. डोळे न उघडता म्हणाले, “काय, ओळखलंत का?” जन्मभर अरेतुरे केलेल्या बायकोला त्यांनी पूर्णिमासारखं अहोजाहो केलं. आणि गप्प बसले.

वहिनींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कपाळाला आठी घालून, अगदी स्वच्छ म्हणाल्या, “नाही.”

तात्यारावांनी डोळे उघडले आणि वळून माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही शिकवलंत का हे हिला?” मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा तीच वाद्यं वाजवली, आणखी वाईट. “नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर बरोबर ताल धरून दाखवला. तात्याराव रडत होते आणि वाजवत होते. मी दार ओढून घेऊन बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून मीही रडले.

आता चार महिने झाले. वहिनी पूर्वीसारखं आख्खं गाणं गात नाहीत, एखाद्या दिवशी एक-दोन ओळी, तेही मनात आलं तर. तो आवाज गेला तो गेला. पण एक ते तीन समोरच्या घरातून तात्यारावांची वाद्यं आणि वहिनींचं “नाही” ऐकू येतं. फैझलने पूर्णिमाकडून सगळ्या गाण्यांच्या सुरुवाती एका सीडीवर उतरवून पाठवल्या आहेत. तात्याराव सकाळी त्या आतल्या खोलीत हळू आवाजात ऐकतात, दहा-दहा वेळा. एवढं ऐकून चाल दगडालाही पाठ होईल. तरी दुपारी ते रोज चुकतात, आणि नेमके त्याच जागी. ते मुद्दाम चुकतात, असा मला संशय आहे. मी विचारलेलं नाही.